गाठ ठेवायची की काढायची?

"लग्नाला किती वर्षं?"

काउंटरवरची सिस्टर नाव विचारायच्या आधी हे विचारते. भाची सांगते, सहा. "मूल?" नाही. "दिवस राहिले होते कधी?" नाही. "पाळी कधीची?" भाची तारीख सांगते. सिस्टर वजन करून घेते, बीपी बघते आणि केसपेपर ठोकळ्याच्या चिमट्यात अडकवत म्हणते, "तेवीस नंबर. मिस्टर आलेत का?" मिस्टर बाहेर चहाच्या टपरीवर आहेत. इतर सगळ्या मिस्टरांबरोबर.

चिमट्यातला पेपर मी वाकून वाचते. उंची, वजन, रक्तगट, मागची बाळंतपणं, मागची ऑपरेशनं, सगळ्याला छापील रकाना आहे. दुखतं का, किती दुखतं, याला नाही.

राहात्यात नगर-मनमाड रस्त्याच्या अंगाला असलेला हा बायकांचा दवाखाना. डिसेंबर चालू आहे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर कानठळ्या बसतील अशी गाणी लावून कारखान्याकडे चाललेत आणि त्यांच्यामागे अडकलेल्या शिर्डीच्या गाड्या हॉर्नवर हात ठेवून आहेत. दारात पेरूची हातगाडी लागली आहे. राहात्याच्या पेरूचा हा भर हंगाम, त्यामुळे आलेल्या निम्म्या बायकांच्या पिशवीत पेरू आहेत, मॅडमना द्यायला. आत हॉलमध्ये स्टीलच्या खुर्च्या, त्यांच्यासमोर येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही अशी पाटी आणि पाटीच्या दोन्ही बाजूंना गोबऱ्या, गोऱ्या बाळांची पोस्टरं. मूल होत नाही म्हणून आलेल्या बाईनं दोन तास त्या बाळांकडे बघत बसायचं, ही कल्पना कुणाची असते कोण जाणे.

भाचीच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाईल आणि त्यावर काळ्या पुठ्ठ्याची डायरी. ती एका पतसंस्थेत कॅशियर आहे आणि डायरी संस्थेनं दिवाळीला वाटलेली. तिच्या शेवटच्या पानांवर २०१९ पासूनच्या पाळीच्या तारखा आहेत, जुन्या डायरीतून नव्या डायरीत दरवर्षी उतरवून घेतलेल्या. तारखेपुढे फुली म्हणजे गोळी घेतली. दोन फुल्या म्हणजे कामावर गेली नाही. गोल म्हणजे उलटी. तीन ठिकाणी लाल शाई आहे. त्या दिवशी चक्कर येऊन पडली होती. रोज संध्याकाळी रोकड जुळवणाऱ्या बाईची ही वही आहे, त्यात खाडाखोड नाही.

"हे मागच्या डॉक्टरांना दाखवलं होतंस?"

"त्यांनी फाईल मागितली मावशी. वही नाही मागितली."

तिची सासू माझ्या पलीकडे बसली आहे. डोक्यावर पदर, हातात पेरूची पिशवी. "विहीणबाई, दुखायला सगळ्यांनाच दुखतं," ती मला हळू सांगते. "आमच्या वेळी बाजूला बसायचो तेवढाच काय तो आराम." तिच्या बोलण्यात टोचणं नाही. तिला खरंच तसं वाटतं, आणि तिच्या आईलाही तसंच वाटत असणार.

समोरच्या खुर्चीवर ऊसतोडीची एक बाई आहे. बीडकडची. तिशीची असेल, हातापायांवर उसाच्या पात्यानं कापल्याच्या रेघा. नंबर यायच्या आधीच ती सिस्टरला सांगून मोकळी होते, "ओटीपोट लय दुखतंय बाई. पिशवी काढून टाका म्हणावं. दोन पोरं झालीत, आता काय करायची ठेवून?" सिस्टर काही बोलत नाही. हे तिनं रोज ऐकलेलं आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कुणाची कशासाठी काढली याचा हिशेब वेगळा. पण दुखतंय तर काढून टाका, हा सल्ला आपल्याकडे किती सहज दिला आणि घेतला जातो, ते त्या आकड्यात दिसतं. भाचीच्या फाईलमध्येही तोच सल्ला आहे. फक्त पिशवीच्या जागी गाठ हा शब्द आहे.

तेवीस नंबर लागतो.

मॅडम आधी फाईल घेतात, चाळतात, बाजूला ठेवतात. मग त्यांची नजर डायरीकडे जाते. "हे काय आहे?" भाची बिचकत वही पुढे करते. मॅडम चष्मा डोक्यावरून खाली घेतात आणि वाचत बसतात. पानं उलटत मागे जातात, पुन्हा पुढे येतात. बाहेर पंचवीस बायका खोळंबल्या आहेत. "या लाल शाईच्या दिवशी शौचाला बसताना दुखत होतं?" भाची मान हलवते. "संबंधाच्या वेळी?" सासू पेरूच्या पिशवीची गाठ सोडायला लागते. भाची पुन्हा मान हलवते. "हे कुणी विचारलं होतं आधी?" कुणीच नाही.

"आत चल. लघवी करून ये, खालून बघायचंय."

सोनोग्राफीच्या खोलीत अंधार आणि जेलचा वास. मी भाचीच्या डोक्याशी उभी राहते. पडद्यावर आधी गर्भपिशवी येते, मग मॅडमचा हात किंचित वळतो आणि डावीकडचं अंडाशय दिसतं. त्यात एक गोल गाठ. आतला भाग सगळीकडे सारखा करडा, थंडीत एसटीच्या काचेवर वाफ धरते तसा. "ही चॉकलेट सिस्ट," मॅडम म्हणतात. आतल्या जुन्या, साकळलेल्या रक्ताचा रंग तसा असतो म्हणून हे नाव. चार पूर्णांक एक सेंटिमीटर. उजवीकडे अजून एक, दोन सेंटिमीटरची.

मग त्या एक गोष्ट करतात जी मी कधी पाहिलेली नाही. एक हात यंत्रावर ठेवून दुसऱ्या हातानं भाचीचं ओटीपोट वरून हलकेच दाबतात, सोडतात, पुन्हा दाबतात. डोळे पडद्यावर. "पिशवी मागच्या आतड्यावरून सरकायला पाहिजे. सरळ घसरते. हिची बघा, दोघं मिळून हलतात. चिकटलंय." पिशवीच्या आतल्या अस्तरासारखा पेशीथर पिशवीबाहेर, अंडाशयावर, आतड्याच्या वेष्टनावर रुजतो. त्याला सूज येते, व्रण धरतो, एक अवयव दुसऱ्याला चिकटतो. याचं नाव एंडोमेट्रिओसिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं पाळी येण्याच्या वयातल्या दर दहा बायकांमागे एकीला तो असतो, आणि निदान व्हायला चार ते बारा वर्षं जातात. भाचीचं वय एकोणतीस. पहिल्यांदा शाळेतून रडत घरी आली तेव्हा ती नववीत होती. हिशेब बारा वर्षांच्याही पुढे जातो.

"आता शांत बसा, मोजते." मॅडम अंडाशयातले काळे ठिपके मोजतात. बारीक, बीजांच्या पिशव्या. उजवीकडे पाच. डावीकडे, गाठीच्या कडेला चेपलेले, दोन. "सात," त्या सिस्टरला सांगतात. या वयाला सात कमीच. फाईलमधला एएमएचचा रिपोर्टही तेच सांगतो, १.२. बीजांचा साठा किती उरलाय त्याचा अंदाज देणारी ही रक्ततपासणी.

परत टेबलाशी आल्यावर मॅडम फाईलमधले दोन कागद वेगळे काढतात. पहिल्यावर, वेगळ्या गावच्या वेगळ्या डॉक्टरांचं, आठ महिन्यांचं औषध. डायनोजेस्ट, रोज एक गोळी. दुसऱ्यावर तिसऱ्याच डॉक्टरांनी लिहिलेलं, दुर्बिणीतून दोन्ही गाठी काढाव्यात.

"ही गोळी घेताना दुखणं थांबलं होतं ना?"

"हो मॅडम. खूप बरं वाटत होतं."

"वाटणारच. चांगली गोळी आहे. पण ती बीज फुटूच देत नाही. म्हणजे ते आठ महिने दिवस राहायची सोयच नव्हती. हे सांगितलं होतं कुणी?"

भाची सासूकडे बघते, सासू माझ्याकडे. त्या आठ महिन्यांत घरात काय काय बोलणं झालं, कुणाकुणाचे नवस फेडायचे ठरले, ते आम्हाला तिघींनाही माहीत आहे. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना नव्यानं काढल्या. मूल राहण्याची शक्यता वाढावी म्हणून हार्मोननं पाळी दाबून ठेवू नका, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. टेस्ट ट्यूब बेबीच्या आधी तीन ते सहा महिने पाळी बंद करणारी इंजेक्शनं द्यायची जी पद्धत होती, तिचीही शिफारस त्यांनी मागे घेतली, कारण फायदा होतो असं खात्रीनं म्हणता येईना. दुखण्यासाठी गोळी वेगळी, मुलासाठी उपचार वेगळा. एकाच बाईला दोन्ही हवे असतात, एकाच वेळी हवे असतात, तिथं गोंधळ होतो.

"मग गाठ काढायची नाही?" सासू विचारते. "आवो मॅडम, गाठ ठेवून पोर कसं राहील?"

मॅडम रिपोर्टच्या पाठीमागे पेनानं एक अंडाशय काढतात, त्यात गाठ, आणि गाठीच्या भोवती ठिपके. "आई, ही गाठ फुग्यासारखी सुटी नसते. तिचं साल ओढून काढताना त्याला चिकटलेलं चांगलं अंडाशयही थोडं निघतं. हे ठिपके त्याच्याबरोबर जातात. दोन्हीकडे गाठी असल्या तर नुकसान जास्त. सातातले दोन-तीन गेले तर उरलं काय?" त्या पेनानं तीन ठिपके खोडतात. सासू पुढे वाकून खोडलेल्या ठिपक्यांकडे बघते. मला वाटतं, या एका चित्रानं जे काम केलं ते सहा वर्षांच्या फाईलनं केलं नसेल.

दुर्बीण वाईट, असं मॅडम म्हणत नाहीत. आजार हलका असेल, अंडाशयात गाठी नसतील, तेव्हा पसरलेले डाग जाळून घेतल्यानं फायदा होतो. कॅनडात ३४१ बायकांवर अभ्यास झाला, तो १९९७ मध्ये छापून आला. निम्म्या जणींचे डाग दुर्बिणीत दिसल्यावर काढले, निम्म्यांचे तसेच ठेवले. ३६ आठवड्यांत पहिल्या गटात शंभरातल्या सुमारे ३१ जणींना दिवस राहून ते टिकले, दुसऱ्या गटात १८. हा फरक मोठा आहे. पण तो हलक्या आजारातला आहे. तोच आकडा दोन्हीकडे गाठी असलेल्या, साठा कमी झालेल्या बाईला लावणं चूक. अशा बाईला टेस्ट ट्यूबकडे जायचंच असेल तर केवळ यश वाढावं म्हणून आधी गाठ काढू नये, असं आता म्हणतात. दुखणं सहन होत नसेल, किंवा गाठीमुळे सुई बीजापर्यंत पोचतच नसेल, तर काढायचा विचार. नेमकं कुणाला काय, हे ठरवणं हीच यातली डॉक्टरकी.

"मिस्टरांचा रिपोर्ट कुठाय?" मॅडम फाईल पुन्हा चाळतात.

नाही.

"एकही नाही? सहा वर्षांत?"

"त्याला काय झालंय?" सासू म्हणते. "धडधाकट आहे."

"बोलवा त्यांना आत."

सिस्टर बाहेर जाते. जावईबापू टपरीवर नाहीत, मुकादमाचा फोन आला म्हणून रस्त्यापलीकडे गेलेत. मॅडम घड्याळ बघतात आणि आम्ही खोलीतच असताना पुढचा नंबर आत घेतात. आपल्याकडच्या दवाखान्यात एकीचं दुखणं चौघींनी ऐकायचं असतं. त्याचा राग यावा, पण आज येत नाही, कारण आत येते ती एक कॉलेजातली पोरगी आहे. अकरावीची. दप्तर पाठीवरच. बरोबर आई.

"दर महिन्याला तीन दिवस कॉलेज बुडतं हिचं. ओकते, लोळते. मी म्हटलं लग्न झालं की राहील. पोर झालं की बसतं म्हणतात ना पोट."

"कोण म्हणतं?" मॅडमचा आवाज चढतो, मग त्या स्वतःच खाली आणतात. "ताई, लग्न हे औषध नाही. बाळंतपणही नाही. काहींना तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आजार जात नाही." त्या पोरीला विचारतात, तिच्या आईला नाही. कुठं दुखतं, कधीपासून, शौचाला त्रास होतो का. पोरगी आधी आईकडे बघते, मग बोलायला लागते, आणि बोलतच राहते. मॅडम तिला पोटावरून सोनोग्राफी लिहून देतात, दुखणं थांबवणारी गोळी पाळी यायच्या आदल्या दिवशीच सुरू करायला सांगतात, दोन महिन्यांनी परत बोलावतात. सोनोग्राफीत काही दिसलं नाही तरी परत ये, हे दोनदा सांगतात, कारण सुरुवातीचा आजार पडद्यावर दिसत नाही. "आणि वही ठेव." त्या भाचीची डायरी तिच्यापुढे सरकवतात. "अशी."

भाचीला ते आवडलेलं दिसतं. ती त्या पोरीला फुली आणि गोल समजावून सांगते. बारा-तेरा वर्षांचं अंतर आहे दोघींत. भाचीच्या अंडाशयातले ठिपके कुठं गेले, असा प्रश्न मला मघापासून पडला होता. त्यातले बरेच या मधल्या वर्षांत गेले असणार, आणि टेस्ट ट्यूबच्या प्रयोगशाळेत कितीही चांगलं यंत्र आणलं तरी ते परत येत नाहीत. उपचाराचं यश वाढवायचं तर ते अकरावीच्या या पोरीपासून वाढवायला लागेल. आपण मात्र ते लग्नाच्या सहाव्या वर्षापासून मोजतो.

जावईबापू येतात. चपला बाहेर काढून, हात बांधून दाराशी उभे. "बसा," मॅडम म्हणतात, "तुमचीही तपासणी करायचीय." ते बसत नाहीत. मॅडम शांतपणे सांगतात की मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही कमी असतं, तपासणी सगळ्यात स्वस्त आणि न दुखणारी आहे, आणि ती झाल्याशिवाय बायकोच्या अंगाला सुई लावणं म्हणजे अर्धी फाईल वाचून निकाल देणं. जावईबापू कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होतात. "करू की," म्हणतात. एवढंच. सहा वर्षं जे कुणी विचारलं नव्हतं ते विचारल्यावर माणूस लगेच तयार होतो, हे बघून मला त्यांच्याबद्दल बरं वाटतं आणि बाकी सगळ्यांची चीड येते. त्या बाकी सगळ्यांत मीही आहे.

मग पुढचं बोलणं भराभर होतं. या दवाखान्यात आययूआयपर्यंतच, म्हणजे वीर्य थेट पिशवीत सोडण्यापर्यंतच, उपचार होतात. २०२१ चा कायदा आल्यापासून कुठल्या दर्जाच्या केंद्रात काय करायचं ते ठरलेलं आहे, आणि टेस्ट ट्यूबसाठी नाशिक, पुणे किंवा संभाजीनगर गाठावं लागेल. आजार हलका असता तर तीन-चार वेळा आययूआय करून बघितलं असतं. इथं साठा कमी, दोन्ही बाजू चिकटलेल्या, तर त्यात वर्ष घालवू नये असं मॅडमचं मत. आधी बीजं काढून गर्भ तयार करून गोठवून ठेवावेत, आणि ते जमल्यावर, गरज असली तर, गाठीचं बघावं. बीजं काढताना सुई गाठीत जाऊ द्यायची नाही, आणि जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून आधी अँटिबायोटिक द्यायला लावा, हे त्या पत्रात लिहून देतात.

"इंजेक्शनांनी गाठ वाढत नाही ना?" भाची विचारते. आज तिनं स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

"त्यानं आजार वाढतो असं आढळलेलं नाही. घाबरू नको."

"आणि राहीलच ना?"

मॅडम लगेच उत्तर देत नाहीत. "पहिल्याच खेपेला राहील असं जो सांगेल त्याच्याकडे जाऊ नको," त्या म्हणतात. "बीजं थोडी मिळतील. पण तू एकोणतीसची आहेस, आणि एकोणतिसाव्या वर्षाची सात बीजं एकोणचाळिसाव्या वर्षाच्या सातांपेक्षा कितीतरी चांगली असतात. ते आपल्या बाजूनं आहे."

खर्च विचारायचं काम माझ्याकडे येतं. एका खेपेला दीड लाखाच्या पुढं धरून चाला, असं उत्तर येतं. औषधं किती लागतात त्यावर वर-खाली. आयुष्मान भारतच्या योजनेत वंध्यत्वावरचे उपचार बसत नाहीत. गोव्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून हा उपचार फुकट मिळतो, ही बातमी मॅडमना ठाऊक आहे, पण राहात्याच्या बाईला त्याचा काय उपयोग? देशातलं टेस्ट ट्यूबचं पहिलं शास्त्रीय नोंद झालेलं बाळ मुंबईत परळच्या केईएममध्ये, पालिकेच्या रुग्णालयात, ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून जन्मलं. तिथून इथवर सरकारी उपचार पोचायला हवे होते, ते खाजगीतून पोचले. परळच्याच आयसीएमआरच्या प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. राहुल गजभिये यांच्या पुढाकारानं भारतीय बायकांमधल्या एंडोमेट्रिओसिसचा अभ्यास चालू आहे. आपल्या बायकांचं दुखणं आपल्याच आकड्यांत मोजलं जाईल, एवढी तरी सुरुवात आहे.

सासू मघापासून बोटं मोजतेय. पेरूच्या बागेचे किती येतील, उसाचं पेमेंट कधी येईल. हिशेब कुठंतरी जुळला असावा, कारण ती पदर सावरून उठते आणि पेरूची पिशवी टेबलावर ठेवते. "घ्या मॅडम. बागेतले आहेत."

बाहेर लॅबवाला पोऱ्या जावईबापूंना डबी आणि कागद देतो, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सूचना देतो. दोन दिवसांपेक्षा कमी नको, सात दिवसांपेक्षा जास्त नको, नमुना इथंच येऊन द्यायचा, सकाळी. "मंगळवारी या."

"मंगळवारी नाय जमणार," जावईबापू म्हणतात. डबी खिशात घालताना त्यांना खिसा सापडत नाही. "मंगळवारी टोळी येणार उसाला. मुकादमाशी आताच बोलणं झालं."

"टोळीचं मी बघते," सासू म्हणते. "मंगळवारी तू इथं."